निर्माल्याची पोती

हात कोपरापर्यंत आत गेला आणि कशालाच लागला नाही. सकाळची पूजा आटोपून, तळहातावरच्या इष्टलिंगावरून उतरवलेली बेलाची पाच पाने मी नेहमीप्रमाणे मागच्या पडवीत आणली होती. तिथल्या खुंटीला टांगलेल्या पोत्यात ती सोडायची आणि पंचाक्षरी म्हणत परत फिरायचे, असा माझा अडीच वर्षांचा परिपाठ. आज पोत्याचे तोंड सैल लोंबताना दिसले, म्हणून पाने जरा दाबून बसवावीत या हेतूने हात आत घातला, तर बोटांना फक्त गोणपाटाची खरखर लागली. मी वाकून भिंतीशी ठेवलेली आधीची दोन पोती चाचपली. ती तर व्यवस्थित घडी घालून, एकावर एक, एखाद्या मरून गेलेल्या माणसाच्या कपड्यांसारखी ठेवलेली होती. मोतीबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना पडवीतला तो कोपरा कधीच धड दिसत नसे, आणि खरे सांगायचे तर सर्वांत खालच्या पोत्याकडे मी मुद्दामच पाहत नसे. पाच पाने हातात धरून मी तसाच उभा राहिलो. बाहेर परसात घमेल्याचा खडखडाट चालू होता. या घरात हल्ली पहाटेपासून तोच एक नाद असतो. पूर्वी या वेळी रुद्राचे अनुवाक ऐकू येत.

"काय हुडकायलाव अप्पा?" पडवीच्या दारातून सुनेचे तोंड दिसले. महानंदा उदगीरकडची, रेवणप्पांची लेक. रेवणप्पांचा पानमळा होता, विहीर आटली तेव्हा मोडला. पण मळा मोडला तरी मळ्याची खोड लेकीच्या हातात राहिली आणि ती माझ्या घरात आली. "यातले निर्माल्य कुठे आहे?" मी विचारले. माझा आवाज वर्गातला झाला होता, हे मला कळले. "ते व्हय? खड्ड्यात घातलं की," ती म्हणाली, "आधीचं सगळं कुजून लोण्यासारखं झालंय, बघा तरी येऊन. आंबाडी कशाच्या जिवावर आली म्हणताव?" मी म्हटले, "कुणाला विचारून?" त्यावर तिने जे उत्तर दिले, त्याने माझा संताप वाढावा की थिजावा हे मला आजही ठरवता येत नाही. "तुमालाच. तीनदा विचारलं. संक्रांतीच्या आधी एकदा, शिवरात्रीच्या आधी एकदा, अन् ह्या पोत्याचं परवा. तिन्ही येळंला तुमी हूं म्हणलाव."

आंबाडी. आदल्या दिवशी दुपारी मी आंबाडीची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली होती. माझ्या आठवणीत गेल्या कित्येक महिन्यांत मी ताटात काही दुसऱ्यांदा मागितलेले नव्हते. शेपू, वांगी, दोडका, हिरव्या मिरचीचा ठेचा, सगळे परसातले, सगळे मी दोन महिने निमूटपणे, आणि कबूल केले पाहिजे, चवीने खाल्ले होते. म्हणजे जे लिंगावरून उतरले ते कुजले, त्याची माती झाली, मातीचे पान झाले आणि ते माझ्या पोटात गेले. शिवनिर्माल्य ग्रहण करू नये, हा पक्ष मी वयाच्या अकराव्या वर्षी घोकला होता आणि पुढे पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवताना, विषय निघाला की, ठासून सांगितला होता. वाहत्या पाण्यात विसर्जन, एवढाच त्याला मार्ग. परंतु वाहते पाणी आणायचे कुठून? मांजरेचे पात्र दोन वर्षे वाळूचे झाले होते. तिथे आता पाण्यासाठी नव्हे, वाळूसाठी ट्रक जात, कारण जिल्हा नवा झाला होता आणि नव्या जिल्ह्याला कचेऱ्या बांधायच्या होत्या. उस्मानाबादेपासून लातूर वेगळे झाले त्याला चार वर्षे होत आली. त्या दिवशी गावाने पेढे वाटले. आता गावाला जीपगाड्या मिळाल्या, शिक्के मिळाले, पाट्या मिळाल्या, आणि नळाला पाणी आठ दिवसांतून एकदा येऊ लागले. नदी भरली की पोती घेऊन जाईन असे मी सर्वांना सांगत असे. सर्वांना, म्हणजे कुणी विचारलेच तर.

माझे आणि महानंदाचे वैर मुळात पाण्यावरून. ती या घरातला एकही थेंब मोरीत जाऊ देत नसे. तांदूळ धुतले, ते पाणी मिरचीला. भांड्यांचे दुसरे पाणी वांग्याला. न्हाणीच्या दगडापासून तिने खापऱ्यांची एक पन्हळ काढली होती, त्यामुळे माझ्या स्नानाचे पाणी थेट दोडक्याच्या आळ्यात जाई, आणि मी स्नान करीत असताना बाहेरून आवाज येई, "अप्पा, साबण नगा लावू आज, येल पिवळा पडलाय." सत्तरीच्या गृहस्थाला त्याच्या स्नानात कोणी आज्ञा करावी? दोडक्याच्या मुळाशी तिने एक फुटके मडके पुरले होते आणि त्याच्या भोकाला चिंधीची वात लावून ठेवली होती. पाणी त्यातून थेंबथेंब झिरपे. हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलेले. मी जेवून उठलो की ती लगबगीने पुढे येई. "मोरीत नगा, इकडं या, वांग्यापाशी चूळ भरा." मी दर वेळी सरळ मोरीकडे जात असे आणि तांब्यातले सगळे पाणी, जरा जास्तच, मोरीत ओतत असे. हा माझा एवढाच प्रतिकार होता. शेजारचे शरणप्पा, ज्यांची अडत आता मुले पाहतात आणि ज्यांना ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याखेरीज उद्योग उरलेला नाही, ते मला पाहिले की हाक मारीत: "गुर्जी, तुमच्या आंगुळीचं पाणी दोडक्याला पाजतेत म्हणं! मंग, दोडका मंत्र म्हणाया लागला का न्हाई अजून?" आणि स्वतःच हसत.

परंतु सत्य सांगायचे तर गेल्या दोन महिन्यांत काहीतरी पालटले होते, आणि मी ते पाहिले न पाहिलेसे केले होते. माझा मुलगा सिद्धेश्वर नव्या कलेक्टर कचेरीत लिपिक आहे. त्याची आई गेल्यापासून आम्हा बापलेकांत बोलण्याचे विषय संपले होते. 'नळ आला', 'रॉकेल आणले', एवढ्यावर दिवस जाई. तो कचेरीतून येई, सायकल भिंतीला टेकवी आणि तडक परसात जाई, आणि मग त्याचे आणि महानंदाचे हसणे भिंतीतून माझ्या खोलीत येई. एकदा मी उगाच, कमंडलू शोधण्याचे निमित्त करून, तिकडे गेलो. दोडक्याला फुले आली होती. सिद्धेश्वर म्हणाला, "अप्पा, इतकी फुलं आलीत, फळ एकबी न्हाई." मी म्हणालो, ही सारी नरफुले आहेत, मादीफुलाच्या देठाशी बारीक फळाचा आकार जन्मतःच असतो. हे मला कुठून माहीत होते कोण जाणे, बहुधा आईकडून. तो उठला आणि एकेक फूल उलटे करून पाहू लागला, मीही पाहू लागलो, आणि तिन्हीसांजेपर्यंत आम्ही दोघे एकाच वेलीवर ओणवे होतो. "सापडलं!" तो ओरडला तेव्हा त्याचा चेहरा मला आठ वर्षांच्या मुलाचा दिसला. त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिथे एक पाट टाकून बसू लागलो. महानंदाने पाटाभोवतालची माती फक्त जरा चोपून सारखी केली.

आणि आता हे. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि दूध घेतले; भाजीची वाटी ताटाबाहेर काढून ठेवली. तिसऱ्या दिवशीही तसेच. मी रागावलो नव्हतो, मी केवळ नियमात होतो, असे मी स्वतःला समजावत होतो; परंतु नियमात असलेला माणूस वाटी अशी आवाज करून ठेवत नाही. महानंदाने पहिल्या दिवशी विचारले, "बाजारातली भाजी करू का?" मी हूं म्हणालो. तिने बाजारातून दुष्काळी भावाची सुकलेली मेथी आणली, आणि मी तीही बाजूला काढली, कारण ती त्याच विळीवर चिरलेली होती. तेव्हा फक्त तिचा हात वाटीपाशी क्षणभर थांबला. तो हात मी पूर्वी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते मात्र आठवेना. संध्याकाळी पाट मी खोलीतच ठेवला. भिंतीपलीकडे हसणे नव्हते, आणि मला जे हवे होते तेच झाले असताना ती शांतता मला इतकी का टोचावी, याचा उलगडा मी पुस्तकात डोके घालून करू पाहत होतो.

सिद्धेश्वर खोलीत आला तो शुक्रवारी. हातात सरकारी कागद होता. "अप्पा, क्वार्टर निघालंय माझ्या नावानं," तो म्हणाला, "नव्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. उद्यापर्यंत हो-नाही सांगायचंय. न्हाई म्हणलं तर नंबर दुसऱ्याला जातो." मी हूं म्हणालो. तो उभाच राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सगळ्यालाच हूं म्हणताव, अप्पा. अव्वाला बी तसंच म्हणायचाव." आणि निघून गेला. आवाज चढवला नाही, दार आपटले नाही. त्याचा स्वभाव त्याच्या अव्वाचा, आईचा. थोड्या वेळाने पडवीतून महानंदाचे बोलणे कानावर आले. "तिथं वर काय करू मी? माती न्हाई, काही न्हाई. पर अप्पा माझ्या हातचं खात न्हाईत. म्हातारं माणूस तीन दिस भाकरी-दुधावर. आपण हितं ऱ्हाऊन काय उपेग मग? आपण गेलो तर कमीत कमी जेवतील तरी. कुणीतरी बाई लावा सैपाकाला." म्हणजे जाणार होते, आणि माझ्या पोटासाठी जाणार होते. मला या विचाराचाही राग आला. माझ्या उपवासाचा असा अन्वय लावायला तिला कुणी सांगितले होते?

सर्वांत खालच्या पोत्यात, तळाशी, माझ्या बायकोने, कमलम्माने, निवडलेली पाने होती. हे मी कुणाला सांगितलेले नव्हते. असल्या गोष्टी सांगायच्या कशा, हे कोणत्याच शास्त्रात नाही. मठाच्या आवारातून मी बेल आणी आणि ती रोज संध्याकाळी दिव्याशी बसून पाने निवडी. काटा खुडायचा, किडीने भोक पाडलेले पान वगळायचे, तिन्ही दले अखंड आहेत का ते अंगठ्याच्या नखाने चाचपून पाहायचे, मग ओल्या फडक्यात. शेवटच्या आजारातही तिने हे सोडले नाही. बसवत नव्हते तेव्हा पानांची परडी पोटावर ठेवून निवडी. ती गेली. तिचे लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवून आम्ही तिला आमच्या रीतीप्रमाणे मातीत बसविले, विभूती घातली, बेल घातला, माती लोटली. घरी आलो तर ओल्या फडक्यात तिने निवडलेली पाने शिल्लक होती. ती मी रोज एक, एकच, अशी नऊ दिवस वाहिली. शेवटची काळी पडली होती, तरी वाहिली. तिथून पोते सुरू झाले. आणि आता ज्या गोष्टीची मला खरोखर लाज वाटते ती सांगतो. गेल्या भाद्रपदात मांजरेला पाणी आले होते. फार नव्हे, आठ दिवस, गुडघाभर, गढूळ. पण वाहते होते. शरणप्पांनी ओट्यावरून सांगितलेही होते: "गुर्जी, नदी आली की ओ, तुमच्या पोत्यांची सोय झाली." मी गेलो नाही. पाय दुखतो असे सांगितले. पाय दुखत नव्हता.

त्या संध्याकाळी, ऊन उतरले तेव्हा, मी परसात गेलो. दोघेही घरात नव्हते. ती नळावर रांगेत, तो कुठे ते ठाऊक नाही. खड्डा मी प्रथमच नीट पाहिला. भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण होते, कोंबडीकुत्र्याचा पाय पडू नये म्हणून. काठावर पांढरा पट्टा दिसला. बोट लावले तर ती विभूती होती. आत उतरायचे असेल तेव्हा महानंदा आंघोळ करून, ओल्या केसांनी उतरते हे मी रोज पाहत होतो आणि त्याचा अर्थ 'पाण्याची उधळपट्टी' असा लावत होतो. मी माती हातात घेतली. काळी, सैल, थंड. नाकाशी नेली. तिला बेलाचा वास नव्हता, कशाचाच नव्हता, नुसता ओल्या मातीचा होता. आणि या गावात, त्या वर्षी, ओल्या मातीचा वास कुठे उरला होता? कमलम्माची पाने यात कुठेतरी होती आणि कुठेच नव्हती. पोत्यात ती दोन वर्षांवर नुसती वाळत होती. मी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. आणि तेव्हा तो हात आठवला.

मी एकोणीस वर्षांचा होतो. पाठशाळेतून दहा वर्षांनी, विद्या पूर्ण करून घरी आलो होतो. माझी आई, बसम्मा, निरक्षर. तिला एकही मंत्र शुद्ध म्हणता येत नसे. परंतु ती रोज लिंगपूजा करी आणि पूजा झाली की लिंगावरचे एक पान उचलून अर्धे स्वतः खाई, अर्धे माझ्या तोंडात घाली. मी दात येण्याच्या वयाचा असल्यापासून. तुरट, किंचित कडू, चावताना दाताशी कचकच करणारे. लिंगाला वाहिले ते आपले अन्न, लिंगाला न दाखविता गिळले ते पाप, एवढेच तिचे शास्त्र होते. आणि आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आले होते. मी घरी आल्याच्या पहिल्या सकाळी तिने अर्धे पान पुढे केले. आणि मी, दुसऱ्याच संप्रदायाच्या गुरूकडून दुसऱ्याच लोकांचा नियम घोकून आलेला मी, म्हणालो, "अव्वा, हे शास्त्राला धरून नाही." तिचा हात तसाच राहिला. पुढे केलेला, पान धरलेला, क्षणभर थांबलेला. मग तिने ते अर्धेही स्वतःच खाल्ले, आणि म्हणाली, "बरं बाबा. शिकलास तू." पुढची एकवीस वर्षे ती जगली, तिने पुन्हा पान पुढे केले नाही, आणि मीही कधी मागितले नाही. लोक मला विद्वान म्हणत राहिले. माझ्याच घरचा प्रसाद मी विद्येच्या बळावर नाकारला होता आणि पन्नास वर्षे त्याला आचार म्हणत होतो.

शनिवारी सकाळी मी पूजेला खोलीत बसलो नाही. पाट परसात नेला आणि वांग्यांच्या वाफ्याशेजारी ठेवला. महानंदा घमेले घेऊन येत होती ती थबकली. "हितं? ऊन येईल की अप्पा." मी म्हणालो, "येऊ दे." सिद्धेश्वर शर्टाच्या खिशात तो कागद घालून दारात उभा होता, सायकलची किल्ली हातात. मी लिंग तळहातावर घेतले, स्नान घातले, विभूती लावली, बेल वाहिला. मंत्र मी भरभर म्हटले नाहीत, हळूही नाही. पूजा झाल्यावर एक पान उचलले. अर्धे केले. तीन दलांच्या पानाचे अर्धे सरळ होत नाही. एका हातात दीड दल येते, ते वेडेवाकडे फाटते. आई ते कसे करी, मला आठवेना. अर्धे तोंडात घातले. तुरट, किंचित कडू. आणि दुसरे अर्धे मी महानंदापुढे धरले.

ती गोंधळली. पदराला हात पुसला, पुन्हा पुसला, नवऱ्याकडे पाहिले. माझा हात पुढेच होता, आणि तो किती जड होतो हे मला आयुष्यात प्रथमच कळत होते. मग तिने ओंजळ पुढे केली, पान घेतले, डोळ्याला लावून तोंडात घातले, चावले. "कडू हाय की," ती म्हणाली. मग लगेच, "देठ द्या इकडं. खड्ड्यात टाकते." मी देठ दिला.

"अप्पा," सिद्धेश्वर म्हणाला, "मग कचेरीत काय सांगू?"

"हूं," मी म्हणालो, जिभेची सवय.

"हूं नगं!" महानंदा एकदम म्हणाली, आणि स्वतःच दचकली, तरी थांबली नाही. "हूं म्हणलं की मला काईच कळत न्हाई. नीट सांगा एकदा."

नीट सांगायचे म्हणजे काय सांगायचे? कमलम्माला मी चाळीस वर्षांत नीट सांगितले नव्हते. माझ्या मनात दोन-तीन भारदस्त वाक्ये तयार होती, कुटुंब, कर्तव्य, वृद्धत्व अशी. ती घशाशी आली आणि मला त्यांचाही वीट आला. मी वाफ्याकडे पाहिले. वांग्यांची झाडे ओझ्याने वाकली होती. "मला एकट्याला," मी म्हणालो, आणि माझा आवाज रागावल्यासारखाच आला, त्याला मी काय करणार, "मला एकट्याला एवढी वांगी संपायची नाहीत. हे कळत नाही का तुम्हाला?"

सिद्धेश्वरने खिशातला कागद काढला, पाहिला, पुन्हा घडी घातली. मग मिरची लावलेल्या पत्र्याच्या डब्याखाली, दगड सपाट नव्हता तिथे, सारून ठेवला. डबा जरा डगमगत होता, तो स्थिर झाला. "साडेदहाला जाऊन न्हाई म्हणून येतो," तो म्हणाला, आणि सायकलीकडे न जाता दोडक्याची फुले उलटी करून पाहू लागला.

त्या दिवशी मी भाजी मागून घेतली. दोनदा. जेवून उठलो आणि सवयीने पाय मोरीकडे वळले. तांब्या हातात होता, चूळ तोंडात होती. मग मी मुकाट्याने फिरलो, परसात आलो आणि वांग्यांपाशी ओणवा झालो.

"अय्य, तिथं न्हाई!" पाठीमागून आवाज आला. "वांग्याला सकाळीच झालंय. तिकडं मिरचीला, मिरचीला."

भरल्या तोंडाने मला काही बोलता येत नव्हते. मी मिरचीकडे गेलो.